वळवाची वीज : पहिला गडगडाट हीच नोटीस

चैत्र सरून वैशाखाचे ऊन तापू लागले म्हणजे इंद्रायणीकाठच्या आमच्या तळवडे गावी, देहू-चिखलीच्या शिवारात आणि नदीपलीकडे चाकण-खेडच्या माळावर शेतकऱ्याची नजर दुपार टळताच आभाळाकडे वळते. वळवाचा पाऊस त्याला हवा असतो. नांगरटीची ढेकळे त्याने विरतात, गवताला फुटवा येतो आणि तापलेली जमीन निवते. परंतु ह्याच पावसाबरोबर वीज येते. पुढे मोसमी पाऊस स्थिरावला की तिचा जोर पुष्कळ ओसरतो. आणि उत्तरा, हस्त, चित्रा ह्या नक्षत्रांत, परतीच्या पावसाच्या वेळी, ती पुन्हा डोके वर काढते. एप्रिल ते जूनचा मध्य हा विजेचा एक हंगाम आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा दुसरा. दुर्दैव असे की दोन्ही हंगामांत शेतकरी उघड्या रानात असतो. पहिल्यात कडबा, कांदा व नांगरणी. दुसऱ्यात सोयाबीन, बाजरी व भाताची काढणी.

तळवडे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. गावाशेजारी कारखाने व आयटी पार्क झाले. तेव्हा विजेची भीती आता आडरानातल्या लोकांनी बाळगावी, असे कोणी म्हणेल. पण नदीकाठची जी शेते अजून नांगरली जातात त्यांवरचे आभाळ जुनेच आहे, आणि पाळी संपवून मोटारसायकलवर घरी येणारा शेतकऱ्याचा मुलगाही त्याच आभाळाखालून येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. त्या वर्षी निसर्गाच्या कोपाने मेलेल्या एकूण माणसांत हा आकडा एक तृतीयांशाहून अधिक भरतो. महापुराच्या वार्तेस वर्तमानपत्राचे पहिले पान मिळते. वीज मात्र आज इथे एक, उद्या तिथे दोन, अशी माणसे नेते, म्हणून तिचा हिशेब कोणाच्या ध्यानात राहत नाही.

आमची उमेद महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. वीज पडून मनुष्य वा जनावर गेले म्हणजे त्याचा पंचनामा टेबलावर येई. पंचनाम्यात घटनास्थळाचे वर्णन लिहावे लागते, आणि त्या जागी जे शब्द वारंवार वाचण्यात येत ते असे : आंब्याच्या झाडाखाली, बाभळीच्या बुंध्याशी, बांधावरील लिंबाखाली. मयत इसम पावसापासून आडोसा घेण्यास गेला होता, हे पुढचे वाक्यही ठरलेलेच. ह्यावरून आमचे एक मत बनले आहे व तेच ह्या लेखात सांगावयाचे आहे. वीज न सांगता येते हा समज खरा नाही. बहुतेक वेळा ती नोटीस देते. पहिला गडगडाट ही ती नोटीस. आणि ती बजावल्यावर जी थोडी मुदत हाती असते ती आपण कामात व झाडाखाली घालवितो.

वीज माणसाला कशी गाठते

उंच ढगात बर्फाचे बारीक कण व गारांचे पिल्लू एकमेकांवर आदळतात. त्या घर्षणाने ढगाच्या माथ्यावर धन व तळाशी ऋण विद्युतभार साठतो. हा साठा हवेच्या आवरणाला पेलवेनासा झाला की तो फुटून जमिनीकडे धाव घेतो. त्या वाटेवरील हवा क्षणभर सुमारे तीस हजार अंश सेल्सियस, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, तापते व एकदम फुगते; तोच गडगडाट. ह्या धावेत विजेला उंच वस्तू जवळची पडते. सपाट रानात ती वस्तू म्हणजे एकाकी झाड, विजेचा खांब, देवळाचा कळस, आणि ह्यांतले काहीच नसेल तर उभा मनुष्य.

वीज थेट डोक्यावर पडून मरणारे थोडे असतात. अधिक माणसे ती दुसऱ्या वाटेने गाठते. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना शेजारी उभ्या माणसाच्या अंगावर उडी घेते, कारण ओल्या खोडापेक्षा मनुष्यदेहातून वाट सोपी असते. झाडाला वा लोखंडी खांबाला टेकलेल्यास ती स्पर्शाने लागते. तारेचे कुंपण, द्राक्षाच्या मांडवाची तार, पाण्याचा लोखंडी नळ ह्यांतून ती दूरवर जाऊन तेथे हात लावणाऱ्यास धरते. आणि सर्वांत घातक वाट जमिनीची. पडल्या जागेपासून ती मातीतून चहूकडे पसरते. माणसाचे दोन पाय फाकलेले असतील तर एका पायाने वर चढून दुसऱ्याने उतरते.

जनावरांची हानी मोठी का होते तेही ह्यावरून कळेल. बैलाचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून चार-पाच फूट लांब, आणि हृदय त्या दोहोंच्या वाटेवर. म्हणून एका झाडाखाली बांधलेली सगळी दावण एकाच वेळी आडवी होते. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वे देशात हार्डांगरव्हिड्डाच्या पठारावर ३२३ रेनडियर एकाच वादळात मेलेले आढळले. भीतीने ते एकत्र दाटून उभे राहिले होते, आणि जमिनीतून आलेल्या विजेने सगळा कळप घेतला. आपल्या मेंढपाळांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

नोटिशीची मुदत मोजण्याची रीत

ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर चालतो, म्हणजे एका किलोमीटरास तीन सेकंद. वीज चमकताच आकडे मोजू लागावे व गडगडाट ऐकू येताच थांबावे. आलेल्या संख्येला तीनाने भागले की वीज किती किलोमीटरांवर पडली ते निघते. तीस सेकंद भरले तर ती दहा किलोमीटरांवर समजावी. इतके अंतर ऐकून मनुष्य निर्धास्त होतो, आणि चूक तेथेच होते. वादळाची एक वीज येथे तर दुसरी दहा-पंधरा किलोमीटर दूर पडू शकते. कधी पाऊस सुरू होण्यापूर्वी, ऊन असतानाही पडते. म्हणून नियम सोपा ठेवावा. गडगडाट ऐकू आला की आपण विजेच्या टापूत आलो. हातातले काम टाकावे व आसऱ्यास निघावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुरा होईपर्यंत रानात परतू नये. पाऊस थांबला म्हणून वादळ गेले असे होत नाही. जाता जाता पडलेल्या विजेनेही माणसे मरतात.

पुण्यास पाषाण येथे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिने विजा टिपणारी यंत्रे देशात ठिकठिकाणी बसविली असून त्यांच्या आधारे ‘दामिनी’ नावाचे मोबाईलवरील अ‍ॅप सुरू केले आहे. आपल्या सभोवतालच्या वीस ते चाळीस किलोमीटरांच्या टापूत विजेचा संभव असल्यास ते इशारा देते. ज्याच्या घरी मोबाईल आहे त्याने ते घेऊन ठेवावे. मात्र इशारा आला नाही म्हणून ढगाकडे व कानांकडे दुर्लक्ष करू नये. मोबाईल जवळ बाळगल्याने वीज ओढली जाते हा समज निराधार आहे. तो भिंतीतील तारेला जोडून चार्जिंग करीत असताना हाती धरणे मात्र धोक्याचे, कारण वीज तारेतून घरात येते.

आसरा कोणता व कोणता नव्हे

पक्क्या भिंतींचे व स्लॅबचे घर, शाळा, सोसायटीची कचेरी हा उत्तम आसरा. आत गेल्यावरही ओसरीच्या कडेला, दारात वा खिडकीशी उभे राहू नये. नळ, मोरी, दूरचित्रवाणीचा संच व विजेची बटणे ह्यांपासून दूर असावे. चारी बाजूंनी बंद, पत्र्याच्या टपाची मोटार वा टेम्पो हाही चांगला आसरा होय. त्याचे कारण रबरी टायर नव्हेत. वीज पत्र्याच्या बाहेरील अंगाने जमिनीत उतरते. म्हणून काचा वर करून, लोखंडी भागास हात न लावता बसावे. बिनटपाचा ट्रॅक्टर, सायकल, मोटारसायकल ह्यांचा असा उपयोग नाही. त्यांवरून उतरून दूर व्हावे.

चारी बाजूंनी उघडे पत्र्याचे शेड, राखणीची माळ्यावरची खोप, गवताची झोपडी, उंच मचाण ही पावसापासून राखतात, विजेपासून नव्हे. एकाकी झाडाखाली तर केव्हाही जाऊ नये. भिजावे पण झाड टाळावे. विहिरीत, नदीत वा भाताच्या खाचरात असल्यास तात्काळ बाहेर यावे. विहिरीवरील मोटार बंद करण्याकरिता स्टार्टरच्या पेटीकडे धावणे हा मोह अनेकांस होतो. मोटार जळाली तर दुसरी भरता येते, हे ध्यानी धरून पेटीस हात लावू नये.

काहीच आसरा न मिळाला व अंगावरचे केस उभे राहू लागले, कातडीस मुंग्या येऊ लागल्या, तर वीज जवळ पडण्याच्या बेतात आहे असे जाणावे. अशा वेळी सखल जागी, पण पाणी साचलेल्या जागी नव्हे, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, डोके गुडघ्यांकडे वाकवावे व कानांवर हात ठेवावेत. जमिनीवर आडवे पडू नये. हातातील विळा, कुदळ, लोखंडी दांड्याची छत्री दूर टाकावी. बरोबर माणसे असतील तर एकमेकांपासून दहा-पंधरा पावले अंतर ठेवावे, म्हणजे एकास लागली तरी दुसरा मदतीस उरेल. हा उपाय निरुपायाचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे, हेही सांगितले पाहिजे.

खरी अडचण

वरील नियम वाचून कोणी म्हणेल, हे सर्व ठाऊक आहे; पण शेतात कांदा उघडा पडला आहे, कडब्याची गंजी झाकलेली नाही, सोयाबीनचे ढीग रानात आहेत, आणि ढग तर डोक्यावर आले. अशा वेळी घरात बसवते कसे? आक्षेप खरा आहे. वर्षाचा घास डोळ्यांदेखत भिजताना पाहणे कोणासही जड जाते. आमच्या मते पुष्कळ माणसे अज्ञानाने मरत नाहीत. ताडपत्रीचे टोक धरून मरतात. सबब उपाय ढग येण्यापूर्वीचा हवा.

वळवाचे व परतीचे वादळ बहुधा दुपारी दोननंतर सायंकाळपर्यंत उठते. म्हणून ह्या दोन हंगामांत रानातील जोखमीचे काम पहाटे धरावे व मध्यान्हीपूर्वी आवरावे. काढलेला माल त्याच दिवशी बारा वाजण्याच्या आत झाकावा, मग आभाळ निरभ्र असो वा नसो. ताडपत्री व दगड गंजीपाशीच ठेवावेत. जनावरे दुपारी झाडाखाली न बांधता गोठ्यात आणावीत; लोखंडी साखळीपेक्षा दावे बरे. प्रत्येक शेतावर आसऱ्याची जागा कोणती व तेथे चालत जाण्यास किती मिनिटे लागतात, हे हंगामाच्या आरंभीच ठरवून घरातील सर्वांस व मजुरांस सांगून ठेवावे.

मजुरांविषयी दोन शब्द अधिक. खुरपणीस वा काढणीस आलेल्या बाया मालकाने सांगितल्याशिवाय काम सोडीत नाहीत. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडेल ही धास्ती त्यांस असते. मालकाने पहिल्याच दिवशी सांगावे की गडगडाट ऐकताच निघावे, त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही. ह्यात जो खर्च येईल तो पुढे सांगितलेल्या दुःखापुढे काहीच नाही. हीच गोष्ट दिंड्यांची. ज्येष्ठात देहूहून तुकोबांची पालखी निघते तो काळ वळीव व मृगाच्या संधीचा. रस्त्यालगतच्या मंडळींनी दिंडीतील वारकऱ्यांस शाळेत, मंगल कार्यालयात वा घरात घ्यावे. वडाखाली थांबू देऊ नये.

जुने समज व खरा तडितरक्षक

पायाळू मनुष्यावर वीज पडते असा समज आपल्याकडे आहे, व त्यापायी कित्येक निरपराध मुलांस पावसाळ्यात घराबाहेर पडू देत नाहीत. वीज कोणाचा जन्म कसा झाला हे पाहत नाही. ती उंची व वाट पाहते. पायाळू मुलास घरात ठेवून इतरांस आंब्याखाली धाडणे ह्यात रक्षण काही नाही. वीज कडाडताच अर्जुनाची दहा नावे घेण्याची चाल आहे. ती अवश्य घ्यावीत. पण घरात बसून घ्यावीत.

विजेची ताकद किती, ह्याचे उदाहरण आपल्याच मुलखात आहे. सिंहगडावरील दारूच्या कोठारावर ११ सप्टेंबर १७५१ रोजी वीज पडली, आणि गडावरील फडणिसांचे घर उद्ध्वस्त होऊन आतील माणसे मेली, अशी नोंद सांगितली जाते. महिना सप्टेंबर होता, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. पुढच्याच वर्षी, १७५२ साली, अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन ह्यांच्या सूचनेवरून फ्रान्स देशात उंच लोखंडी सळई उभारून ढगातील वीज खाली आणून दाखविण्यात आली. आजचा तडितरक्षक, ज्यास लोक लायटनिंग अरेस्टर म्हणतात, तो त्यातूनच निघाला. त्याचे अंग तीन : माथ्यावरील टोकदार दांडा, तेथून खाली आणलेली जाड पट्टी, आणि जमिनीत ओलाव्यापर्यंत पुरलेले अर्थिंग. ह्यांतील पट्टी तुटली वा चोरीस गेली, किंवा अर्थिंगची माती कोरडी पडली, तर उरलेला दांडा शोभेचा. म्हणून देऊळ, शाळा व पाण्याची टाकी ह्यांवरील जोडणी दर वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास जाणकाराकडून तपासून घ्यावी. एक दांडा आपली इमारत राखतो, सारे शिवार नव्हे.

वीज लागल्यावर

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्यास ताबडतोब हात लावावा. अनेक ठिकाणी अशा मनुष्यास शेणात वा मातीत पुरून ठेवतात. तो मेला नसेल तर ह्याने खास मरतो. विजेने बहुधा हृदय व श्वास थांबतो, आणि ते वेळीच चालू झाले तर मनुष्य उठतो. वादळ चालू असेल तर प्रथम त्यास शक्य तितक्या त्वरेने आसऱ्यास न्यावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास नसल्यास पाठीवर निजवून छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, दोन इंच खोल, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा दाबावे, आणि डॉक्टर येईपर्यंत थांबू नये. एकाच वेळी अनेकांस वीज लागली असेल तर जे निपचित व मेल्यासारखे दिसतात त्यांकडे आधी धावावे. कण्हणारे बहुधा वाचतात. शुद्धीवर आलेल्यासही दवाखान्यात न्यावे, कारण हृदय, कान व डोळे ह्यांस इजा राहून जाते.

मनुष्य गेलाच, तर दुःखाच्या भरात एक गोष्ट राहून जाते व ती कुटुंबास पुढे फार जाचते. पोलिसांस वर्दी न देता, शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकतात. मग वीज पडून मृत्यू झाला ह्याला कागद काय? शासनाच्या नैसर्गिक आपत्तीच्या निकषांप्रमाणे वारसांस चार लाख रुपये मदत मिळते. पण ती कागदावर मिळते. तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांस व पोलीस पाटलास तात्काळ कळवावे. पोलीस पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल व मृत्यूचा दाखला ह्यांच्या नकला जपाव्यात, आणि गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची नोंद लवकर करून घ्यावी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना निराळी आहे. तिचा प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत द्यावा लागतो. आपले प्रकरण कोणत्या मदतीत बसते ते दोन्ही कचेऱ्यांत विचारावे.

जनावरांच्या बाबतीत २०२२-२३ पासूनच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीस ३७,५००, बैलास ३२,००० व शेळी-मेंढीस ४,००० रुपये ठरविले आहेत. पंचनामा व पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची तपासणी होण्यापूर्वी जनावर पुरू नये. कानातील बिल्ल्यासह छायाचित्र काढून ठेवावे.

हे आकडे मुद्दाम दिले. बैलाची किंमत बाजारात त्याहून किती अधिक आहे ते वाचक जाणतात; आणि चार लाखांत घरचा कर्ता पुरुष वा घर चालविणारी बाई परत मिळत नाही. असे पंचनामे लिहिण्याची वेळच कोणावर येऊ नये. कांदा भिजला तर पुढील हंगामात पुन्हा लावता येईल. तेव्हा ह्या वर्षी ढग गुरगुरताच, बांधावरच्या आंब्याकडे न पाहता, लेकराबाळांसह व मजुरांसह घराची वाट धरावी, एवढीच शेतकरी बंधू-भगिनींस आमची विनंती आहे.